बेबी ऑफ जमना

९ डिसेंबर २०२४, सोमवार

आधी कबूल करून टाकतो. ही वही कामिनी मॅडमनी चोपड्याच्या ट्रेनिंगमध्ये दिली आणि पहिल्या दिवसापासून रोज लिहा म्हणाल्या. आज आठवा दिवस. सात दिवस वही पिशवीत होती. मधली दोन पानं फाडून मी ओल्या बुटांत कोंबली, कारण केळीच्या बागेत पाणी सोडलेलं होतं आणि मी बोळानं जायचं सोडून बागेत शिरलो. का शिरलो, तर घडांना निळ्या पिशव्या कशा चढवतात ते बघायला. मॅडम म्हणाल्या, वही मी तपासणार नाही, तुमची तुम्हाला राहू द्या. म्हणून मोकळं लिहितो.

मी जितेंद्र, राहणार सोनगीर. बारावी झाली, आयटीआय अर्ध्यात सोडलं. सुरतेला साड्यांच्या घड्या घातल्या, मग पिकअपवर इंदूरपर्यंत फिरलो. आई म्हणते याच्या पायाला भिंगरी आहे. आता सहा महिने हे संस्थेचं काम. वर्षाच्या आतलं गावातलं प्रत्येक बाळ शोधायचं आणि रजिस्टरात आणि मोबाईलमधल्या ॲपवर चढवायचं. कुणाला कोणती लस झाली, कुणाची राहिली, सगळं त्यात. चार आठवड्यांनी बुधवारी अंगणवाडीत सिस्टर टोचायला येतात, त्याआधी यादी तयार पाहिजे. यादीत जे बाळ नाही ते सुटलं, असं मॅडम दहा वेळा तरी म्हणाल्या असतील.

गाव उमरगव्हाण. उत्तरेला सातपुडा इतका जवळ दिसतो की वाटतं सायकलवर जाऊन शिवून येऊ. (गेलो होतो. दीड तास लागला, तरी तो तिथंच.) राहायला शालिग्राम नानांच्या घरी माडीवरची खोली. नाना केळीवाले, बोलणं तिखट. पहिल्याच दिवशी मला वरून खाली बघून म्हणाले, "पोरे मोजाले सरकारनी पोरगंच धाडं का?" मी म्हटलं सरकारनं नाही, संस्थेनं. तर कुंदा अक्का आतून म्हणाल्या, कोणी का धाडेना, आधी जेवू दे त्याले. भरीत आणि कळण्याची भाकरी. मी चार खाल्ल्या. अक्कांनी पाचवी न विचारता वाढली.

घरात सून आहे, रत्ना वहिनी. नवरा हितेंद्र केळीचा ट्रक घेऊन दिल्लीकडे असतो, महिन्यातून चार दिवस घरी. आणि त्यांची भूमिका. ५ नोव्हेंबरचा जन्म. अक्का रोज तेल लावून तिला अशी रगडतात की बघणाऱ्याची हाडं दुखावीत, आणि ही बया हसते. माझं बोट एकदा धरलं की सोडत नाही. कालचा सर्व्हे त्यामुळं दुपारी सुरू झाला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

गाव संपलं. दोनशे चाळीस घरं, अकरा बाळं. आशाताई, म्हणजे नर्मदाताई, सगळीकडे बरोबर होत्या. त्या गावातल्याच, त्यांना प्रत्येक पोट माहीत.

संध्याकाळी मॅडमचा फोन. गावाच्या लोकसंख्येच्या हिशोबानं बारा बाळं निघायला हवीत, तुझी अकरा म्हणजे एक सुटलं, सगळं गाव पुन्हा फिर. मी म्हटलं मॅडम, एखाद्या गावात एक कमी जन्मतं. त्या म्हणाल्या, कमी जन्मत नाही, कमी सापडतं.

आता उद्यापासून सारंगखेड्याचा घोडेबाजार. माझा दोस्त भूपेंद्र शिरपूरला मोटरसायकल घेऊन थांबणार आहे. लहानपणापासून जायचं म्हणतो आणि दरवर्षी काहीतरी आडवं येतं.

तर गावाच्या टोकाला रतनलाल शेठचं कापसाचं गोदाम आहे. शेठ चाळीसगावला गेले त्याला सात वर्षं झाली, शटर गंजून गेलंय. त्याच्या ओट्यावर बसून मी बारावी ओळ भरली. घर: गोदाम, मजुरीला आलेले. आईचं नाव: जमना. का जमना, माहीत नाही, पेन टेकवलं आणि आलं. बाळाचं बारसं झालेलं नसलं की नियमाप्रमाणं लिहितात तसं लिहिलं, बेबी ऑफ जमना. जन्मतारीख, जन्माचं वजन, जन्मानंतरच्या लसी सुचेनात, म्हणून वरच्या ओळीतलं जसंच्या तसं खाली उतरवलं. वरची ओळ भूमिकाची होती. मग पद्धतीप्रमाणं शटरवर खडूनं बारा आकडा आणि बाण.

ॲपनं हिरवी खूण दिली. मजूर येतात जातात, पुढच्या महिन्यात निघून गेले म्हणून लिहीन. कुणाचं काय बिघडतंय.

१८ डिसेंबर, बुधवार

घोडे काय सांगू! एक पांढरी घोडी होती, दोन पायांवर उभी राहून मान हलवायची. तिच्यामागं दोन दिवस जास्त गेले. आज लसीकरण आणि मी अंगणवाडीत पोचलो तेव्हा सिस्टर निळा डबा बंद करत होत्या.

बोलणी खायच्या तयारीनं गेलो तर नर्मदाताईंनी पाठीवर थाप मारली. म्हणाल्या, इतकी वर्षं या गावात पाय घासले पण ती गोदामातली बाई मला सापडली नव्हती, तू कशी शोधली रे भाऊ? बारा म्हणता बारा बाळं आली.

मी हसलो. वाटलं, कळलंय यांना, मजा करतायत. सिस्टरनी पण चेहरा न हलवता सांगितलं, जमनाचं बाळ फार बारीक आहे, दोनच किलो भरलं, लक्ष ठेव. रजिस्टर दाखवलं. दीड महिन्याचा पहिला डोस, खूण, वजन दोन किलो. त्याच्या वर भूमिका, चार किलो. डब्यातल्या बाटल्यांचा हिशोबही बाराचाच बसत होता.

कशी होती बाई, विचारलं. बाकाच्या कडेला बसली, पदर पुढं ओढलेला, बोलत नाही. मजूर बायका अशाच असतात, असं त्या म्हणाल्या.

२० डिसेंबर, शुक्रवार

गोदामावर जाऊन आलो. म्हटलं खरंच कुणी राहायला आलं असेल, असा योगायोग होतो कधी कधी. सुरतेला एकदा मी खोट्या नावानं हाक मारली होती तर माणूस वळला होता.

कुलूप तसंच. कुलपावरून शटरपर्यंत कोळ्याचं जाळं, जुनं, धूळ बसलेलं. मागं खिडकी नाही. चूल नाही, राख नाही, दोरीवर चिंधी नाही. खडूचा बारा मात्र ठळक होता. मी फिका काढला होता असं आठवतं.

१ जानेवारी २०२५, बुधवार

अंगणवाडीत वजनं. छताच्या कडीला काटा टांगतात, त्याला कापडाची झोळी, झोळीत बाळ. मी वेळेवर निघालो होतो, पण वाटेत बोअरची गाडी लागली. पाणी किती फुटांवर लागतं यावर लोकांच्या पैजा लागल्या होत्या, थांबलो. पोचलो तर जमना नुकतीच गेली म्हणाले. बाहेर रस्ता सरळ आहे, पार फाट्यापर्यंत दिसतो. कुणी नव्हतं.

तिचं बाळ दोन किलो दोनशे. सगळ्या खूश.

भूमिका तीन किलो आठशे. दोनशे ग्रॅम कमी. काटा हलला असेल म्हणून पुन्हा टांगलं, तेवढंच. रत्ना वहिनींचा चेहरा उतरला. शेजारची एक बाई दुसरीला ऐकू जाईल असं म्हणाली, मोबाईल पाहता पाहता दूध पाजस, मग पोर कशी वाढी?

१५ जानेवारी, बुधवार

दुसरा डोस. सकाळी आठपासून अंगणवाडीच्या दारात बसलो, हलायचं नाही ठरवून. अकरा आया मी स्वतः आत सोडल्या. मग सिस्टर म्हणाल्या, बर्फाच्या पिशव्या गाडीत राहिल्यात, आण. गाडी वीस पावलांवर. गेलो, आलो.

तेवढ्यात जमना येऊन गेली होती.

दोन किलो सहाशे. भूमिका तीन किलो चारशे.

अजून एक. भूमिकाच्या डाव्या दंडावर जन्माच्या लसीचा फोड होता. ती जिथं टोचतात तिथं महिना-दीड महिन्यानं फोड येतो, खूण जन्मभर राहते. मी स्वतः बघितला होता, अक्का तेल लावताना तिथं बोट हळू फिरवायच्या. आज दंड साफ आहे. वहिनी म्हणतात उजवा असेल. उजवाही साफ. सिस्टर म्हणाल्या, काही बाळांना येतच नाही, आणि पुढं स्वतःहून म्हणाल्या, जमनाच्या पोरीला बघ किती छान आलाय.

पोरगी. मी नोंदीत मुलगीच लिहिली होती का? लिहिली होती. वरची ओळ खाली उतरवली होती ना.

१७ जानेवारी, शुक्रवार

नाना गाडी करून भूमिकाला चोपड्याला बालरोगवाल्या डॉक्टरकडे घेऊन गेले, मीही गेलो. रक्त, लघवी, सगळं चांगलं. ताप नाही, जुलाब नाही. डॉक्टर म्हणाले दूध कमी पडत असेल, वरचं सुरू करा. नाना, जे एका मिनिटात तीन टोमणे मारतात, ते येताना गाडीच्या खिडकीबाहेर बघत राहिले. मग मला म्हणाले, "भाऊ, तुना त्या कागदमा काही उपाय लिखेल शे का?"

रात्रभर झोप नाही. पहाटे पेन घेऊन बेरीज केली. चार आणि दोन, सहा. तीन आठशे आणि दोन दोनशे, सहा. तीन चारशे आणि दोन सहाशे, सहा.

मी दोन बाळं लिहिली. पण जन्म, तारीख, वजन, सगळं एकाचंच लिहिलं. एका बाळापुरतं जे असतं ते दोघींत वाटलं जातंय.

२२ जानेवारी, बुधवार

आज सांगून टाकलं. आधी नर्मदाताईंना. सगळं सांगितलं, मेळा, भूपेंद्र, गोदामाचा ओटा. त्या आधी हसल्या, मग चिडल्या. "काय बोलस रे भाऊ? मी सोता ते पोर मांडीवर लिधं शे." माझ्या मांडीवर मुतली पण ती, म्हणाल्या, हे बघ लुगड्याला डाग. खोटी पोर मुतते का? गरीब बाईचं नाव कापायला निघाला का तू?

मग मॅडमना फोन. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, जितेंद्र, तुझा कंटाळा मला माहीत आहे, गाव सोडायचं असेल तर सरळ सांग. बाळाचा फोटो ॲपवर चढलेला आहे. वजन नियमित आहे, तिन्ही नोंदी चढत्या. तालुक्यात दाखवायला आपली हीच केस आहे.

फोटो मी उघडला. अंगणवाडीची सतरंजी. सतरंजीवर काही नाही. नर्मदाताईंना दाखवला तर त्यांनी बोटानं पडद्याला लाड केले.

मलाच फक्त दिसत नाही.

२९ जानेवारी, बुधवार

आज जागचा हललो नाही. पाणी प्यायलाही नाही. काट्याच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून.

अकरा झाल्या. भूमिका तीन किलो. जन्मली तेवढीच. वहिनींनी तिला उचललं आणि रडल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं.

मग नर्मदाताई दाराकडे बघून म्हणाल्या, ये जमना, ये.

दारात ऊन होतं. बाकी काही नव्हतं. पण बाकावरच्या बाया सरकल्या, जागा केली. एकीनं हात पुढं केले, काहीतरी घेतलं, सांभाळून, मानेखाली हात धरून. झोळीत ठेवलं. झोळी रिकामी. कापड सपाट, मला आरपार खिडकी दिसत होती —

आणि काटा फिरला. एक. दोन. तीनवर थांबला.

सगळ्या म्हणाल्या, कशी गुटगुटीत झाली!

मी भूमिकाकडे वळून बघितलं. वहिनींच्या मांडीवर नुसतं झबलं होतं. पसरलेलं. मी डोळे मिटले, उघडले, तेव्हा ती होती. होती. माझं बोट तिच्या हातात दिलं. धरलं तिनं. पण पकड नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज दोनदा. पाळण्यात नव्हती, मग होती. अक्का पाळण्याजवळून जातात आणि थांबत नाहीत. काल नाना जेवताना म्हणाले, घर कसं सुनं सुनं वाटतंय. पाळणा त्यांच्या हाताशी होता.

वहिनींना अजून दिसते. दुपारपासून त्यांनी तिला खाली ठेवलेलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

ॲपमधून नाव काढता येत नाही. तीनच कारणं देतं.

दुबार नोंद — दाबलं. दोन नावं समोर आली, सारखी तारीख, सारखं जन्मवजन. खरी कोणती ठेवायची? ज्या नोंदीत लसी पूर्ण तीच ठेवा, असं त्यानं आधीच निवडलं होतं. बेबी ऑफ जमना. भूमिकासमोर दोन्ही डोस राहिलेले दाखवतंय. दुसरा तर मी स्वतः टोचताना पाहिलाय. बाहेर आलो.

मृत्यू — नाही. कुणाचा मृत्यू? दोघींचं सगळं एकच लिहिलंय मी. ते बटण दाबणार नाही.

स्थलांतर.

पण कुठं गेली ते विचारतं. जिल्हा, तालुका, गाव, घर. रिकामं चालत नाही. आणि जिथं पाठवीन तिथं —

४ फेब्रुवारी, मंगळवार

बाळ नसलेलं घर पाहिजे. गाव नाही, घर. दिवसभर तेच. ओळखीची सगळी घरं आठवली, कुठं पाळणा, कुठं डोहाळजेवण. भूपेंद्रच्या वहिनीला पाचवा महिना.

एकच घर खात्रीचं. माझं. सोनगीर, किल्ल्याखालची आळी. आई आणि आबा, दोघं साठीपुढचे. बहिणीला, सारिकाला, दोन महिन्यांचा मुलगा आहे, पण ती सुरतेला. बाळंतपणही तिकडंच झालं. सासरचे पाठवतच नाहीत, आईनं नातू अजून फोनवरच पाहिलाय. होळीपर्यंत तरी नाही.

तिथं वाटून घ्यायला कुणी नाही. येऊ दे. ओट्यावर बसू दे. लिहिलं मी, तर माझ्याच घरी.

भूमिका सकाळपासून तीन वेळा —

५ फेब्रुवारी, बुधवार, सकाळ

साडेसातला दाबलं. स्थलांतर. धुळे, सोनगीर, आमचं घर. हिरवी खूण.

आठ वाजता ती रडली! दोन आठवड्यांत पहिल्यांदा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. अक्का चुलीवरून धावत आल्या. "माय व, मनी पोर!" वहिनी पाजतायत, ती सोडत नाही. दंडावर फोड आहे. आहे. मी हात लावून बघितला. नाना अंगणात उभे राहून मला म्हणाले, आज तू दाढी कर, माणसात ये.

मी पायरीवर बसून रडलो. कुणी विचारलं नाही का ते.

दुपार

आत्ता आईचा फोन. इतकी खूश की धड बोलता येईना. सारिका आलीय. न कळवता. नवऱ्याशी भांडून, पहाटेच्या बसनं, बाळाला घेऊन. हायवेवर उतरली. आबा पेढे आणायला गेलेत —

मी विचारलं एकटीच आली ना? एकटीच?

आई म्हणाली, नाही रे, फाट्यावर एक बाई भेटली तिला, आपलंच घर विचारत होती, तिच्याही काखेत तान्हं. तुझं नाव सांगते. बिचारी बोलत नाही फार. जितूनं लिहून दिलंय एवढंच म्हणते —

आई, सारिकाचं बाळ उचल. उचल आधी. मी ओरडतोय, तिला ऐकू येत नाही, तिकडं सगळ्या हसतायत — म्हणाली, अरे दोघी दमून आल्यात, जेवायला बसवलंय त्यांना, आणि पाळणा काय घरात एकच, म्हणून दोन्ही लेकरं मी त्यातच शेजारी शेजारी —